ओल मोजणारा केस

काटेकाका आणि काकू यांची पहिली भेट टपाल कचेरीत झाली. त्या भेटीत काकूंनी मारलेली किंकाळी अजून वरच्या हवेत कुठेतरी फिरत असावी, असं गल्लीत मानलं जातं.

काकू तेव्हा काकू नव्हत्या. पडदे शिवणाऱ्या एका दुकानात कामाला असलेली, कमरेच्या खाली वेणी आलेली आणि कुणाचं एक ऐकून न घेणारी मुलगी होती. ती तिकिटांच्या रांगेत उभी होती. तिच्या मागे एक किडकिडीत माणूस उभा होता. त्याने खिशातून घड्याळजी वापरतात तसलं भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि तिची वेणी शेंड्यापासून वर तपासायला सुरुवात केली. रांग पुढे सरकली की वेणी सरकायची, वेणीबरोबर भिंग सरकायचं. मानेपर्यंत पोचल्यावर त्याला हवं ते सापडलं असावं, कारण त्याने दुसऱ्या खिशातून चिमटा काढला आणि एक केस मुळापासून उपटला.

पुढचं सगळं काकूंच्या धाकट्या बहिणीने गल्लीला सांगितलेलं आहे. ती तिथे नव्हती, त्यामुळे तिला बारीकसारीक तपशील माहीत आहेत. तिच्या सांगण्यानुसार किंकाळीसरशी पोस्टमास्तर खुर्चीसकट उलटे झाले, खिडकीवरची कबुतरं जी उडाली ती दुसऱ्या गावात जाऊन बसली, आणि एक बहिरे आजोबा ‘कोण आहे, कोण आहे’ म्हणत दार उघडायला धावले. पार्सलांवरची लाख तडकली. दुःखाची तार करायला आलेले दोघेजण हसू दाबायला भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आणि तो माणूस? तो केस उजेडात धरून बघत होता.

“हलू नका,” तो म्हणाला. “वारा लागतो.”

“वारा? थांब, दाखवते वारा,” असं म्हणून काकूंनी त्याच्या कानाखाली जो आवाज काढला त्याबद्दल मात्र सगळ्या साक्षीदारांचं एकमत आहे. भिंग डोळ्यातून उडून शाईच्या दौतीत पडलं. केस तेवढा बोटांच्या चिमटीत जसाच्या तसा राहिला.

“फार सुंदर केस आहे,” तो गाल चोळत म्हणाला. “तेल मात्र तुम्ही जास्त लावता.”

आता एखादी मुलगी यानंतर त्या माणसाचं नाव काढणार नाही. काकू दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात हजर झाल्या. केस परत मागायला. वस्तू कितीही बारीक असली तरी आपली ती आपली, हे त्यांचं तत्त्व होतं, आणि पडद्याच्या कापडाचे चिंधीएवढे तुकडेसुद्धा गिऱ्हाइकाला परत देणाऱ्या दुकानात त्यांचं हे तत्त्व घडलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, टेबलाला जडवलेला, वस्तू आवळून धरणारा शेगडा, आणि भिंतीवर जिथे जागा मिळेल तिथे काटे. वजनकाट्याचे काटे, दाबमापकाचे काटे, होकायंत्राचे काटे. एकाही काट्याचं शेजारच्या काट्याशी पटत नव्हतं. खोलीत स्पिरिटचा आणि लाखेचा वास. गल्ली या माणसाला ‘काटेवाला’ म्हणायची. पुढे वय झालं तसा तो काटेकाका झाला.

“माझा केस,” काकू म्हणाल्या.

“उकळतोय,” तो म्हणाला.

खरोखरच एका छोट्या भांड्यात सोड्याचं पाणी उकळत होतं आणि त्यात तो केस होता. काकूंनी भांड्यावर वाकून खात्री करून घेतली.

“तेल काढावं लागतं,” त्याने समजावलं. “केसाला तेल असलं की हवेतली ओल आत शिरत नाही. तेल गेलं की केस हवा पितो. हवा ओलसर झाली की लांबतो, कोरडी झाली की आखडतो.”

“उलटं सांगताय. ओलं झालं की आटतं. आम्ही पडद्याचं कापड आधी भिजवून घेतो, मग कापतो.”

“कापडाचं मला माहीत नाही. केस लांबतो.”

“कशावरून?”

हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांना कल्पना नव्हती, की या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यात आपला जन्म जाणार आहे. त्याने केस बाहेर काढला, स्वच्छ पाण्यातून काढला, सुकवला. एका उभ्या पितळी चौकटीत त्याचं वरचं टोक चापात पकडलं. खालचं टोक मुगाएवढ्या एका कप्पीला गुंडाळलं. कप्पीच्या दुसऱ्या बाजूला दोऱ्याने इवलंसं वजन लटकवलं, केस ताठ राहण्यापुरतं. कप्पीच्या आसावर एक काटा, काट्यामागे आकड्यांची पट्टी.

“बोला आता याच्याशी,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“काल मला बोललात तसं काहीही.”

काकू वाकून त्या केसाला जे काय बोलल्या ते छापण्याजोगं नाही. पण बोलता बोलता त्यांचा श्वास केसावर पडला आणि काटा हलला. हळूच, झोपेतून कूस बदलावी तसा. त्या गप्प झाल्या तर काटा माघारी आला. पुन्हा बोलल्या, पुन्हा हलला. आपण बोलल्यावर कुणीतरी नेमकं तेवढंच हलतं आणि गप्प बसल्यावर जागेवर येतं, हा अनुभव त्यांना घरी किंवा दुकानात कधी आला नव्हता. त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. केस परत मागायचं राहूनच गेलं.

लग्नानंतर काकूंनी शिवणाचं यंत्र दुकानाच्या मागच्या खोलीत टाकलं. मध्ये फक्त एक पडदा होता, त्यांनीच शिवलेला. त्या पडद्याआडून त्यांनी नवऱ्याची सगळी व्याख्यानं ऐकली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. काटेकाकांकडे कुणी स्वयंपाकघरातला वजनकाटा दुरुस्तीला आणला, तरी काटा परत मिळायच्या आधी त्याला चार-पाचशे वर्षांचा इतिहास पदरात घ्यावा लागे.

“माणसाला ओल मोजायची अक्कल कशी आली, ठाऊक आहे?” काका सुरू करत.

“नाही, मी जरा घाईत…”

“आधी त्याने तराजूच्या एका पारड्यात लोकर ठेवली. हवा ओली झाली की लोकर पाणी धरते, जड होते, पारडं खाली. मग कुणी स्पंज लावला. मग कुणी जनावराच्या आतड्याची तात टांगली, ती ओलीने पीळ सोडते. मग कुणी रानगवताचं कुसळ घेतलं…”

“कुसळाच्या आधी दोरखंड आहे!” पडद्याआडून काकू.

“दोरखंड मी मुद्दाम गाळला. यांना घाई आहे.”

“मग बाहुलं तरी सांगा.”

बाहुल्याची गोष्ट काकूंची आवडती. हवेचा दाब मोजायला पारा वापरला तर दोन हात नळी पुरते, पाणी वापरलं तर घराएवढी लागते, कारण पाणी पाऱ्यापेक्षा तेरा-चौदा पटींनी हलकं. तर फार पूर्वी एका परदेशी नगराध्यक्षाने आपल्या घराला अशी पाण्याची नळी लावली, तीन मजले उंच, आणि वरच्या काचेच्या टोकात पाण्यावर तरंगणारं एक लाकडी बाहुलं सोडलं. हवा चांगली असली की दाब वाढायचा, पाणी चढायचं आणि बाहुलं वर दिसायचं. वादळ यायचं असलं की बाहुलं खाली दडी मारायचं.

“म्हणजे आपल्या चष्मेवाल्यासारखं,” काकू आतून म्हणत. “उसनं काही मागायला गेलं की दिसत नाही.”

चष्मेवाला म्हणजे शेजारचा दुकानदार. तो हे भिंतीपलीकडून ऐके आणि तिकडून ओरडे, “वहिनी, मला सगळं ऐकू येतं!” त्याला दुकान वाढवायचं होतं. मधली भिंत पाडायची हा त्याचा जुना ध्यास. दर दोन-चार महिन्यांनी तो येऊन भिंतीवर हात फिरवून जायचा. लोक विकत घ्यायच्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

व्याख्यानाचा शेवट मात्र नेहमी केसावर यायचा. एका डोंगराळ मुलखातल्या पंडिताने लोकर, तात, कुसळ सगळं बाजूला सारून माणसाचा केस लावला, आणि बाकीच्यांनी हात टेकले. कारण केस प्रामाणिक. जेवढी ओल तेवढाच लांबतो, ओल गेली की आपल्या जागी परत.

“आणि केस कुणाचाही चालत नाही,” काका काउंटरवर वाकून म्हणत. “माझ्या यंत्रांत एकाच डोक्याचा केस आहे. हिचा. इतकी वर्षं झाली, काळ हिच्या केसाला हात लावायला धजत नाही. तेव्हा काळा, आजही काळा. शुद्ध माल!”

पडद्याआड शिवणाचं यंत्र अशा वेळी जरा जोरात चालू लागे.

कारण काळाने केव्हाच हात लावला होता. नुसता हात लावला नव्हता, बिऱ्हाड मांडलं होतं. पहिला पांढरा केस दिसला त्याच आठवड्यात काकांनी ‘शुद्ध माल’वालं व्याख्यान तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना दिलं होतं. आता ज्या माणसाने आपल्या केसावर सगळ्या दुकानाची अब्रू टांगली आहे त्याला हे कसं सांगायचं? काकू उठल्या आणि धाकट्या बहिणीकडे गेल्या. बहिणीचं केस कापायचं-रंगवायचं दुकान होतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा काकू ‘पडद्याची मापं घ्यायला’ जात आणि दोन तासांनी डोकं धुऊन परत येत.

“ताई, इतकी मापं घेतेस, त्या पडद्यांची खिडकी आहे तरी केवढी?” बहीण ब्रश फिरवत विचारी.

“तू हात चालव. तोंड नको.”

हे बिनबोभाट चाललं, कारण काकांना नव्या केसाची गरजच पडत नव्हती. लोक आता भिंतीवर आकडे दाखवणारी प्लास्टिकची डबी लावत, ती बिघडली की फेकून देत. चुकूनमाकून कुणी जुनं यंत्र आणलंच तर काकांजवळ काकूंच्या तरुणपणीचे केस एका पत्र्याच्या डबीत होते. डबी हळूहळू रिकामी होत गेली. काकू मधूनमधून ती उघडून बघत आणि बंद करत.

डबी रिकामी झाल्यावर, नेमक्या तेव्हाच, संग्रहालयाच्या बाई आल्या.

बाई हुशार होत्या, मोकळ्या होत्या आणि त्यांना खोकला होता. त्यांनी एक खोकं उघडलं. आत कापसात गुंडाळलेलं यंत्र होतं. काकूंनी पडदा सरकवून पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर त्यांनी जो भाव पाहिला तो याआधी फक्त एकदा पाहिला होता, टपाल कचेरीत; आणि तेव्हा पाहिला म्हणजे काय, हाणण्याआधी ओझरता.

“दोनशे वर्षांपूर्वीचं असावं,” बाई म्हणाल्या. “एका जुन्या महाविद्यालयाच्या माळ्यावर होतं. केस नाही, कप्पी अडकलीय. मला हे नव्या दालनात चालू ठेवायचंय. नुसतं शोभेचं नको. लोकांना काटा हलताना दिसला पाहिजे. होईल?”

“होईल का म्हणजे?” काका म्हणाले.

चष्मेवाला तेवढ्यात भिंतीला हात फिरवायला आलेलाच होता. “काका, डोळ्यांना झेपेल का आता? नंबर मीच काढलाय तुमचा, मला माहीत आहे.”

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. “हे यंत्र चालू नाही झालं तर भिंत तुझी! पाड खुशाल. झालं तर माझ्या हयातीत भिंतीला हात लावायचा नाही. बाई साक्षीला आहेत.”

बाई खोकल्या. काकूंनी पडदा सोडला. भिंतीच्या अलीकडे काकांचं टेबल होतं आणि काकांना त्या टेबलाखेरीज जगात दुसरी बसायची जागा ठाऊक नव्हती. घरी सुट्टीच्या दिवशी ते खुर्चीत असे बसत, जसं काही दाढी करायला आलेत आणि न्हावी जेवायला गेलाय.

काकांनी कप्पी सोडवली. आस घासून चकचकीत केला. चौकट पुसली, पण जुना रंग राखला. आठवडाभर ते शीळ घालत होते. मग म्हणाले, “अगं, एक केस दे.”

“डबीत बघा ना.”

“डबी संपली. आणि याला जुना कशाला? ताजा दे. ठेवणीतला.”

काकूंचा हात आधी डोक्याकडे गेला. पण त्यांनी विचार केला, रंग काय तो वरून. आतल्या केसाला कशाला कळतंय? त्यांनी फणीतला एक लांब केस काढून दिला. काकांनी तो उजेडात धरला, भिंग लावलं, आणि चष्म्याच्या नंबराने आपलं काम केलं. “वा,” ते म्हणाले. “तोच माल.”

केस उकळला, धुतला, चढवला. अशा यंत्राला दोन परीक्षा द्याव्या लागतात. घंटेच्या आकाराच्या काचेच्या झाकणाखाली यंत्र ठेवायचं. एकदा आत भाजून कोरडा केलेला क्षार ठेवायचा, तो आतली सगळी ओल पिऊन टाकतो. तिथे काटा थांबेल ते शून्य. मग क्षार काढून आतून झाकणाला पाण्याचा हात फिरवायचा. तिथे थांबेल ते शंभर. आणि मग पुन्हा क्षार. काटा मुकाट्याने शून्यावर यायला हवा.

काटा शंभरावर गेला. परत येताना एकोणीसवर बसला.

काकांनी वाट पाहिली. काटा बसला तो बसलाच. पुन्हा ओल दिली, तर शंभराच्या पलीकडे जाऊन पट्टीच्या टोकाला टेकला. पुन्हा कोरडं केलं, तर सत्तावीस. हा केस लांबत होता, पण आखडायचं नाव घेत नव्हता. माहेरी गेलेल्या माणसासारखा.

काकांनी वजन बदललं. चाप बदलला. आस पुन्हा घासला. फणीतून दुसरा केस घेतला. तोच तमाशा. शीळ बंद झाली.

काकूंनी आपल्यापरीने हातपाय मारले. त्या बहिणीकडे गेल्या. “एक केस दे, बिनरंगाचा.”

“ताई, माझ्या डोक्यावर तीन रंग आहेत. त्यातला मूळचा कुठला हे मलाच आठवत नाही.”

मग त्यांनी चष्मेवाल्याच्या बायकोला गाठलं. तिचे केस लांब, दाट आणि कोळशासारखे काळे. “एक केस हवाय गं, पण रंग लावलेला चालत नाही.”

“रंग?” ती इतकी दुखावली की बिचारीने चहासुद्धा विचारला नाही. “माझ्या केसाला आजवर पाण्याशिवाय काही लागलेलं नाही. घ्या. एक काय, दोन घ्या.”

दोन्ही केस शंभरावर गेले. एक येताना बावीसवर बसला, दुसरा एकतीसवर.

त्या दिवशी काका स्वतःच्या हातांकडे बघत बसले. आधी तळहात, मग उलटे करून मागची बाजू. हत्यार गिऱ्हाइकाने खराब करून आणलं की ते असेच बघत.

“तुझा केस नाही, तिचा नाही,” ते म्हणाले. “दोन डोक्यांचा केस खोटा कसा असेल? हातच गेले माझे. कुठेतरी पीळ बसतोय चढवताना. मला कळत नाही आणि दिसतही नाही.”

“अहो, एखाद वेळेस केसातच…”

“केसात काही नाही. तुझ्या केसावर मी इतकी वर्षं यंत्रं चालवली. केसाला नाव ठेवू नकोस.”

त्यांनी यंत्र कापसात गुंडाळायला घेतलं. आणि भिंतीकडे तोंड करून, फार मोठ्याने नाही, “चष्मेवाल्या,” अशी हाक मारली.

पलीकडून “आलो!” असं ऐकू आलं.

काकूंनी कात्री खाली ठेवली. पडदा सरकवून त्या पुढे आल्या, दुकानाच्या दाराला आतून कडी घातली आणि म्हणाल्या, “अहो, केस रंगवलेला आहे.”

काका कापूस गुंडाळतच होते. “कुणाचा?”

“माझा.”

कापूस थांबला. बाहेरून चष्मेवाल्याने दार ठोठावलं.

“कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली.”

“रंग कसला? त्यात दोन बाटल्या मिसळतात तो?”

“हो. नाकाला झोंबतो.”

“मग बरोबर आहे,” काका म्हणाले. “तो केसाच्या आत शिरतो. आतून पोखरतो. असा केस ओलीने ताणला की परत येत नाही.” ते एकदम उठून उभे राहिले. “म्हणजे हात माझे ठीक आहेत?”

“हात ठीक आहेत. डोळे गेलेत.”

“आणि तिचा? चष्मेवाल्याच्या बायकोचा?”

“तिचाही रंगवलेलाच. माझी बहीणच लावत असणार तिला, पण गिऱ्हाइकाचं गुपित म्हणून ती मलासुद्धा सांगत नाही. बावीस आणि एकतीस पाहिलं तेव्हा मला कळलं.”

काका हसायला लागले. हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. मग एकाएकी हसणं थांबलं. “अगं पण मी इथे हात गेले म्हणून रडत बसलो होतो, आणि तू पडद्याआड शिवत होतीस?”

“उसवत होते,” काकू म्हणाल्या. “सगळं वाकडं शिवलं जात होतं.”

“मला सांगायचं नाही?”

“कसं सांगू? शुद्ध माल, शुद्ध माल करत गावभर फिरता. मालाने स्वतः होऊन उठून सांगायचं, की मी शुद्ध नाही?”

बाहेरून चष्मेवाला ओरडला, “काका, हाक मारलीत ना? भिंतीचं काही आहे का?”

“भिंत जागेवर आहे!” काका ओरडले. “जा!”

पण केसाचा प्रश्न उरलाच. मुळाशी जे पांढरं उगवलं होतं ते बोटाच्या पेराएवढंसुद्धा नव्हतं आणि यंत्राला वीतभर केस लागत होता. काका येरझाऱ्या घालायला लागले. मग थांबले आणि म्हणाले, “बहीण तुझी रंग लावते तो सगळ्या केसांना लावते?”

“लावायला पाहिजे.”

“पाहिजे ते जाऊ दे. लावते का?”

काकूंनी क्षणभर विचार केला. आपली बहीण त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. ती केर काढायची तो खाटेखालचा सोडून. “मानेजवळचा खालचा थर,” त्या सावकाश म्हणाल्या. “वरचे केस त्याच्यावर पडतात. दिसत नाहीत.”

“बस,” काका म्हणाले आणि त्यांनी भिंग काढलं.

दुकानाची कडी मात्र आता घातलेली नव्हती. ती काकांनीच मघाशी येरझाऱ्या घालता घालता काढली होती. त्यामुळे पुढचं दृश्य वजनकाटा न्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी आणि पुन्हा आलेल्या चष्मेवाल्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. काकू स्टुलावर मान खाली घालून बसलेल्या, केस पुढे घेतलेले, आणि काका भिंग लावून मागचा थर एकेक केस करून तपासताहेत.

“काय शोधताय?” चष्मेवाल्याने दबक्या आवाजात विचारलं.

“तुला काय वाटतं ते नाही!” काकू केसांच्या आतून म्हणाल्या.

“हलू नको,” काका म्हणाले. “वारा लागतो.”

सापडला. मुळापासून टोकापर्यंत पांढरा, लांब, ब्रश कधी न लागलेला. काकांनी चिमट्याने उपटला. या खेपेला किंकाळी आली नाही. “आई गं” एवढंच आलं.

तो केस शंभरावर गेला आणि शून्यावर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. काकांनी दिवसभर त्याला हेलपाटे घालायला लावले. केस कंटाळला नाही.

नव्या दालनाच्या उद्घाटनाला काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आदल्याच दिवशी त्या मापं घेऊन आल्या होत्या. डोकं असं काळंभोर होतं की मागच्या रांगेतल्या माणसाला त्यात दिवा दिसत होता. शेजारी चष्मेवाला आणि त्याची बायको. संग्रहालयाच्या बाईंनी यंत्रासमोर एक ओलं फडकं धरलं. काटा उठला आणि चालू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी फडकं काढलं. काटा परत आला. पुन्हा टाळ्या.

“आणि हा केस,” बाई हसून म्हणाल्या, “कुणाचा आहे हे आपण यांनाच विचारू.”

काका उठले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शहाणा माणूस खाली बसला असता.

“केस माझ्या बायकोचा आहे,” काका खणखणीत आवाजात म्हणाले. “पूर्ण पांढरा. रंग लावलेला केस चालत नाही, तो खोटं बोलतो. आम्ही चार केस लावून पाहिले. दोन हिचे आणि दोन,” त्यांनी हात पुढे केला, “या वहिनींचे.”

सभागृहातल्या सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. चष्मेवाल्याची मान सगळ्यांत शेवटी वळली, कारण त्याला हे नवीन होतं.

घरी जाताना रस्त्यावर काका आणि काकू यांच्यामध्ये चार माणसांचं अंतर होतं.

“मी काय खोटं बोललो?” काका मागून म्हणाले.

“खरं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

चष्मेवाल्याची बायको पुढे महिनाभर काकूंशी बोलली नाही. मग तिच्या पडद्यांचा काठ उसवला आणि बोलणं सुरू झालं. काकूंनी रंग लावणं सोडलं नाही. फक्त बहिणीला सांगून ठेवलं, की खालच्या थराला मुद्दाम ब्रश लावायचा नाही, तो दुकानाचा आहे. काका तो ‘साठा’ म्हणून मोजत. काउंटरवरचं व्याख्यानही बदललं. ‘शुद्ध माल’ तसाच राहिला. फक्त आता “वरचा नव्हे, खालचा” अशी एक पुरवणी त्याला जोडली गेली, आणि ती ऐकून गिऱ्हाइकं गोंधळात पडत.

त्या साठ्यातला दुसरा केस कुणी मागायला आलं नाही. काका त्यानंतर काही वर्षांनी, एका दुपारी, टेबलावरच गेले. चष्मेवाल्याने शब्द पाळला होता. भिंत त्याने त्यानंतर पाडली. काकूंचं शिवणाचं यंत्र आता त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. मधला पडदा जुनाच आहे.

संग्रहालयाच्या त्या दालनात, जुन्या वस्तू खराब होऊ नयेत म्हणून, उद्घाटनानंतर पुढच्याच वर्षी हवेतली ओल कायम सारखी ठेवणारं यंत्र बसवलं. केस अजून शाबूत आहे. काटा तेव्हापासून पन्नासवर आहे.